मागची बाजू: निरंक

समजा, तुमच्या हातात कागदाला लावायची तारेची पिन आहे. ती उघडा. वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. पहिल्या खेपेला ती तुटत नाही, पाचव्या खेपेलाही कदाचित तुटणार नाही. पण वळणावर कुठेतरी केसाएवढा तडा जातो आणि दर वाकवण्याला थोडा पुढे सरकतो. धातू थकला, असं म्हणतात याला. माणूस थकला तर झोपून उठल्यावर ताजा होतो. धातूला कितीही विश्रांती द्या, तडा आहे तिथेच राहतो.

आता पिनेच्या जागी लोखंडाची एक तुळई आणा, दहा खोल्या ओळीने मांडाव्यात एवढी लांब. जहाजं दुरुस्त करायच्या यार्डातली ही क्रेन. तुळईच्या पोटाशी काचेची केबिन लटकलेली आणि केबिनमध्ये अकरा वर्षांच्या एका मुलीचे बाबा बसलेले. ओझं उचललं की तुळई किंचित वाकायची, उतरवलं की सरळ व्हायची. दिवसातून दोनशे वेळा.

या तुळईलाही तडा गेला होता आणि तो मोजायचं काम मुलीच्या आत्याचं. यार्डातले लोक आत्याला 'पट्टी' म्हणत, कारण खिशात स्टीलची पट्टी नाही अशी ती कुणाला कधी दिसलीच नव्हती. सुट्टीत मुलगी टॉर्च धरायला तिच्याबरोबर जायची. दर सोमवारी सकाळी, क्रेन सुरू व्हायच्या आधी, दोघी अरुंद जिन्याने वर चढत. आत्या धूळ पुसायची, भिंगातून तड्याचं टोक शोधायची आणि तिथे पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून तारीख घालायची.

"तडा केवढा आहे ते कुणीही सांगेल," ती म्हणायची. "तू दोन रेघांमधलं अंतर बघत जा."

अंतर आधी एक मिलिमीटर होतं. पुन्हा एक, मग दीड, मग तीन. तडा एकतीस मिलिमीटर झाला होता. चाळीसला क्रेन बंद करायची, असा नियम.

क्रेन बंद म्हणजे यार्ड बंद, हे मुलीला ठाऊक होतं. दुसरी क्रेन गेल्या वर्षी मोडीत गेली, तिचा चालक अजून घरीच होता. नव्या तुळईसाठी केलेला अर्ज तीनदा परत आला होता.

जिना तुळईच्या एकाच बाजूला होता. मागची बाजू फक्त केबिनमधून दिसायची, म्हणून तिथलं चालकाने सांगायचं अशी पद्धत. आत्या हाक मारायची, "दादा, मागे काही?"

"कबुतरांनी घाण केलीय. ये, मोज."

दोघं हसायची. आत्या वहीतल्या 'मागची बाजू' या रकान्यात 'निरंक' लिहायची. लिहिताना ती मान वर करत नसे.

त्या सोमवारी बाबा डबा घरीच विसरले होते. दुपारच्या सुट्टीत मुलगी तो घेऊन पहिल्यांदाच केबिनच्या शिडीने वर गेली. मागच्या काचेतून तुळई हाताच्या अंतरावर दिसत होती. कबुतरांचा मागमूस नव्हता. तडा होता, आणि त्याच्यावर पेन्सिलच्या रेघा. प्रत्येक रेघेशेजारी बाबांच्या तिरक्या अक्षरात तारीख. सगळे सोमवार.

काच सरकवून तिने आधी अंतरं पाहिली. शेवटच्या दोन रेघांमध्ये तिच्या करंगळीचं टोक मावलं. मग केबिनमध्ये पडलेली बाबांची पट्टी लावली. सत्तेचाळीस.

बाबांनी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. केव्हापासून, असं तिने विचारलं. पाच महिने झाले, ते म्हणाले. आत्याला सांगितलं तर तिला आकडा लिहून खाली सही करावी लागेल. एकोणचाळीस घरं तिच्या एका सहीने बसतील आणि जन्मभर लोक तिला बोल लावतील. म्हणून ती फार खोदून विचारत नाही आणि आपण सांगत नाही. गणित समजावून द्यावं तसं ते शांतपणे सांगत होते.

"आणि तुटली तर?"

"हल्ली मी हळू उचलतो."

"हळू उचललं तरी वाकतेच ना, बाबा."

भोंगा झाला तेव्हा बाबांनी तिचे केस नीट केले आणि सांभाळून उतर म्हणाले.

खाली येऊन तिने वर पाहिलं. ओझं उचललं गेलं, तुळई वाकली, सरळ झाली. तिने मनातल्या मनात पुढच्या सोमवारांच्या रेघा ओढून पाहिल्या. फार उरल्या नव्हत्या. क्रेन थांबली तर घरात काय उरेल, तेही तिला दिसत होतं. बरं उत्तर कुठेच सापडेना.

आत्याच्या टेबलावर वही उघडी पडली होती. आत्या हात धुवायला गेली होती, आजची सही अजून व्हायची होती. मुलीने 'निरंक'वर आडवी रेघ मारली. शेजारी ४७ लिहिलं. मग 'मोजणाऱ्याची सही' या रिकाम्या जागेत, अक्षर बिघडू न देता, तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, मधे बाबांचं नाव घालून.