मिठाचं पाणी

नवव्या दिवशीही मी सुई लावली आणि सलाईनची बाटली भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. खोलीत सात बायका होत्या. प्रत्येकीनं येताना रुमालात बांधून दोन-दोन नान आणले होते आणि सगळ्या त्या बाटलीकडं अशा बघत होत्या, जणू तिच्यातून थेंब नाही, कृपा गळतेय.

"रंग आला बाई गालावर," शेजारची खोशियत म्हणाली.

रंग कुठला येतोय. बाटलीत मिठाचं पाणी होतं. त्यात मी जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन सोडलं होतं. औषध पिवळं दिसलं की घरच्यांना बरं वाटतं, म्हणून. आणि इनायत-ओतिन गादीवर पडून आढ्याकडं बघत होत्या. पहिल्या दिवशी बघत होत्या तशाच.

आमच्या फरगाना खोऱ्यात कुणाच्या घरी मरण आलं की पुरुष अंगणात बसतात, बायका आत. आत एक ओतिन लागते. ती ग्रंथातलं वाचते, वाचलेलं समजावून सांगते आणि समजावता समजावता गाऊ लागते. इनायत-ओतिन एकतीस वर्षं गात होत्या. माझा नवरा कालव्यात बुडाला तेव्हा वीस दिवस माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. लोक म्हणायचे, नर्स आहे, दगड झालीय. विसाव्या दिवसाच्या मजलिशीत, म्हणजे बायकांच्या त्या बैठकीत, ओतिन-आईंनी देवाच्या दयेची एक ओळ घेतली. तीच पुन्हा, थोडी खालून. तिसऱ्यांदा त्यांनी ती माझ्याकडं बघून म्हटली आणि मी अशी रडले की दोघींनी मला धरून ठेवलं. त्या दिवशी मी वाचले. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

त्याच बाईला गेल्या शरदात भर मजलिशीत पुढची ओळ आठवेना. मग झोप गेली. मग त्या गादीवरून उठेनाशा झाल्या. घरच्यांनी नजर म्हणून धूर केला. पलीकडच्या गावातून मुल्ला आणला, तर तो दारातच घुटमळला. म्हणाला, जिनं दुवा म्हणून अर्ध्या तालुक्यावर फुंकर घातली तिच्यावर मी काय फुंकू? चहा पिऊन गेला.

आणि मी? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण घरच्यांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, हृदय. हृदय अब्रूदार अवयव आहे. हृदयाला भेटायला माणसं नान घेऊन येतात. मनाचं नाव काढलं असतं तर कोण आलं असतं? वाटलं, आत शिरायला वाट तर मिळेल, खरं हळूहळू सांगू. पण हृदय म्हटल्यावर घरच्यांनी सलाईन मागितलं. एकदा सलाईन लागलं की इथं दुसरं काही ऐकत नाहीत. माझ्याच खोट्यानं माझे हात बांधले.

त्या दिवशी बायका गेल्यावर मी त्यांचा मुलगा अब्दुमलिक याला अंगणातल्या वेलाखाली गाठलं. म्हटलं, आईला मनाच्या डॉक्टरकडं न्यायला हवं. तो आधी गल्लीच्या दाराकडं बघून आला.

"आपा, तुम्ही नर्स आहात ना, मग सलाईन लावा. हवं तर दोन लावा. माझ्या पोरीचं ठरतंय. आजीचं नाव वेड्यांच्या सरकारी वहीत आहे म्हटल्यावर कोण आमचा उंबरा चढेल?"

मी सांगितलं की ती जुनी वही आता तशी राहिली नाही, आपणहून येणाऱ्याचं नाव कुठं कळवत नाहीत.

"वही गेली असेल," तो म्हणाला. "वाचणारे गेलेत का?"

नव्हते गेले. याच गल्लीत जन्मलेय मी.

दुसऱ्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो. दंड बांधून शीर शोधता शोधता मला स्वतःचाच इतका राग आला की मी दोरी सोडली, बाटली खाली काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, ओतिन-आई, हे मिठाचं पाणी आहे. दहा दिवस मी तुम्हाला फसवतेय. हृदय धडधाकट आहे तुमचं.

त्या किंचित हसल्या. कितीतरी महिन्यांनी.

"मला माहीत होतं गं. पण सून बिचारी त्या बाटलीकडं बघत निवांत बसते. तेवढाच तिला विसावा."

मग मी मनाच्या आजाराचं बोलले. गोळ्या आहेत, पंधरा-वीस दिवसांनी उजेड दिसायला लागतो, हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुअत्तर, देवाच्या दयेवरची आशा सोडणं पाप आहे, असं एकतीस वर्षं मी लोकांना सांगितलं. गाऊन सांगितलं. आता ती आशा माझ्याच आत सापडत नाही. याला तू आजार म्हणतेस. मी काय म्हणू?"

"तुमच्या साखरेची गोळी मी देते तेव्हा म्हणता का, की गोड रक्त हे पाप आहे?"

"ते रक्त आहे."

"आणि हे मन कुणी घडवलंय? दुसऱ्या कुणी?"

त्यांनी एवढंच विचारलं, की गोळ्या घेऊन गाता येतं का. मला माहीत नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. आता आणखी खोटं बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. माझ्या त्या 'माहीत नाही'वरच त्या उठून बसल्या.

घरी सांगितलं, डोळे दाखवायला नेते. भर सकाळी, बाजाराच्या गर्दीत, चेहऱ्यावर रुमाल ओढून मी त्यांना जिल्ह्याच्या मनाच्या दवाखान्यात, त्या हिरव्या फाटकातून, आत नेलं. सगळं नीट जमलं होतं. खिडकीतल्या मुलीनं कागदावरचं नाव वाचलं, मान वर केली आणि ती ताडकन उभी राहिली. छातीवर हात ठेवून वाकली.

"ओतिन-आई, तुम्ही! माझ्या आजीच्या चाळिसाव्याला तुम्ही गायला होतात. बसा ना, इथं आत बसा. अगं, ओतिन-आईंना खुर्ची आणा कुणीतरी."

व्हरांड्यातल्या वीस माना वळल्या. त्यात आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या दोन होत्या. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, तिला काय बोलणार? एखादा शत्रू असता तर त्यानं नाव तरी हळू घेतलं असतं.

डॉक्टरीणबाई चांगली निघाली. घाई न करता बोलली, गोळ्या लिहून दिल्या, मध्येच सोडायच्या नाहीत म्हणून बजावलं. पण आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. अब्दुमलिक माझ्याशी बोलला नाही, अजूनही बोलत नाही. त्याच्या मुलीला मागणी घालणाऱ्या पाहुण्यांनी निरोप पाठवला, की घाई काय आहे, वसंतात बघू. नान घेऊन येणाऱ्या बायका एकेक करून यायच्या थांबल्या. सुनेनं मला एकदा गाठून विचारलं, सलाईन पुन्हा सुरू नाही का करता येणार, निदान लोक तरी येतील. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येईना.

गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. त्या त्यांनी स्वतः घेतल्या, रोज, वेळेवर. चौथ्या आठवड्यात त्या सलग सहा तास झोपल्या. पाचव्यात अंगणात येऊन वेलाची वाळकी पानं खुडत बसल्या. एकदा मला ऐकू येईल न येईल असं काही गुणगुणल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "आहे गं अजून. तळाशी आहे."

मग खोशियतची सासू वारली. विसाव्याच्या मजलिशीचं बोलावणं सगळ्या गल्लीला आलं. ओतिन म्हणून मावजुदाला बोलावलं होतं. मावजुदा इनायत-ओतिनकडंच सात वर्षं शिकली होती. खोशियतनं मला रस्त्यात थांबवून समजावलं, की तसं मनात काही नाही हो आपा, पण मेलेल्या माणसावर ग्रंथ वाचायचा म्हणजे डोकं ठिकाणावर हवं. मी म्हटलं, तुझं आहे का ठिकाणावर? तिला राग आला. येऊ दे.

मला वाटलं, ओतिन-आई जाणार नाहीत. त्या निघाल्या. पांढरा रुमाल बांधून, गल्लीच्या मधून, माझा हात न धरता. आत शिरल्या तशी कुजबुज थांबली. वरच्या बाजूला, जिथं ओतिन बसते, तिथं मावजुदा होती. ती अर्धवट उठली आणि कुठं बघावं ते तिला कळेना. ओतिन-आईंनी हातानंच तिला बस म्हटलं आणि त्या दाराजवळ, लेकुरवाळ्या सुनांच्या रांगेत, चपलांच्या शेजारी बसल्या. मी त्यांच्या बाजूला बसले.

पहिलं वाचन झालं, चहा फिरला. त्यांनी बाहीतून गोळी काढली, भिंतीकडं न वळता तोंडात टाकली आणि वर चहाचा घोट घेतला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, कसली गं बाई गोळी?

"मनाची आहे," ओतिन-आई म्हणाल्या. मजलिशीत सवयीनं बोलायच्या तशाच, शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात. "मन आजारी पडलं होतं. रोज घेते."

शेजारच्या सुनेनं आपलं बाळ उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं, पलीकडच्या. ओतिन-आईंनी ते पाहिलं आणि रिकामा पियाला चादरीवर नीट ठेवला.

वर मावजुदानं सूर धरला. जरा चढा लागला. इनायत-ओतिननी डोळे मिटले आणि बाकीच्या बायकांसारखेच दोन्ही तळवे पुढं पसरले.