राहून राहिली

“मॅम, राहून राहिली म्हणजे डबल राहिली का?” विहंगने विचारलं आणि नववीचा वर्ग पुन्हा फिस्सकन हसला.

भावना गजभियेने फिल्म थांबवली. पडद्यावर देवकीबाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबली. नागपूरच्या सदर भागातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर ती दिवस काढत होती. तिची ही फिल्म भावनाने सुट्टीचे रविवार घालवून स्वतःच्या मोबाइलवर काढली होती. हुडकेश्वरच्या या शाळेतल्या मुलांनी बेघर माणसं पाहिली ती गाडीच्या काचेतून. एका बाईच्या तोंडून तिचं आयुष्य ऐकलं तर आत कुठेतरी काही हलेल, ही भावनाची भाबडी आशा. मुलं हललीच, पण हसून. घर कसं गेलं हे ऐकण्याइतका धीर कुणी धरेना. ‘कुठे राहता?’ असं विचारल्यावर देवकीबाई ‘इथंच राहून राहिली’ म्हणायची आणि तिथेच गाडं अडायचं.

“त्या नागपुरी बोलतात,” भावना म्हणाली. “यात हसण्यासारखं काही नाही. तुमचे आजीआजोबाही असंच बोलत असतील.”

“माझी आजी नाही बोलत असं,” चिन्मयी म्हणाली. “आमच्याकडे कामाला येतात ना, त्या बोलतात.”

भावनाचं डोकंच फिरलं. “काहून हासून राहिले तुम्ही? त्या बाईले घर नाही, हे दिसून नाही राहिलं का तुमाले?”

वर्गात हसण्याचा असा लोट उठला की शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावून गेल्या. इतकी वर्षं घासूनपुसून शुद्ध केलेली जीभ, तिने ऐन वेळी दगा दिला. भावनाला मुलांपेक्षा स्वतःचाच राग आला. आणि तो आला म्हणून आणखी राग आला.

मधल्या सुट्टीत प्राचार्यांनी बोलावून घेतलं. “फिल्म चांगली आहे हो. पण पालकसभेत दाखवायची आहे, तिथे असं हसं व्हायला नको. बाईंचा आवाज बंद करा, वरून तुमचा टाका. तुमचे उच्चार किती स्वच्छ आहेत. नाहीतर राहू द्या, आपण वृक्षारोपणाची फिल्म दाखवू.”

देवकीबाईने तर एकच गोष्ट मागितली होती. “माही गोष्ट माह्याच तोंडानं दाखवजा, मॅडम. माह्याबद्दल सारे बोलतात, मले कोणी बोलू देत नाही.” आणि भावनाने मोठ्या तोंडाने हो म्हटलं होतं.

शाळा सुटल्यावर तिने स्कूटी सरळ सदरला घातली.

“चपला खालीच काढजा, मॅडम. आताच झाडलं,” देवकीबाई म्हणाली. तिने पोतं झटकून पायरीवर अंथरलं. “पाह्यलं का पोरायनं?”

“पाह्यलं.”

“काय म्हणे?”

छान म्हणाले, असं सांगायचं ठरवूनच भावना आली होती. पण झाडलेल्या पायरीवर अनवाणी बसून तिला खोटं बोलवेना. “हासले,” ती म्हणाली. “तुमी राहून राहिली म्हणाल्या ना, त्याले.”

देवकीबाई चिडेल असं तिला वाटलं. खरं तर तिने चिडावं, असंच वाटत होतं. दिवसभर एकटीने चिडून भावना थकली होती. पण देवकीबाई नुसती ओशाळली.

“मंग शाळेत त्याले काय म्हणतेत?”

“राहते आहे.”

“माहंच चुकलं मंग. पोरायचा काय दोष.” तिने गाठोड्यातून फणी काढली, केस बसवले, पदर सारखा केला. “घ्या, पुन्हा काढा. आता नाही हासणार.”

“राहू द्या, देवकीबाई. तुमचं काई नाही चुकलं.”

“काढा ना वं.”

भावनाने मोबाइल वर धरला. दुसरं काय करावं हे तिला सुचेना. देवकीबाई ताठ बसली आणि वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी एकेक शब्द जपून म्हणाली, “मी इथे राहते आहे.”

भावनाचं बोट बटणापर्यंत गेलंच नाही.

“चुकलं का?” देवकीबाईने विचारलं. “पुन्हा म्हणू?”