विश्रांतीचं बटण

अकरा वर्षं मी जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात भाताच्या मधोमध खारवलेलं आलुबुखार ठेवायचं काम केलं. एका डब्यात एकच. पट्ट्यावरून डबा यायचा, मी ठेवायचे, डबा पुढे जायचा. काय काम करतेस असं कुणी विचारलं तर सांगायला दुसरं वाक्य लागायचं नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी साठवलेलं सगळं मोडून मी मोठ्या ट्रकचा परवाना काढला आणि तोक्योच्या उत्तरेला, तोचिगीतल्या एका लहानशा वाहतूक कंपनीत लागले. तीन महिने कच्ची नोकरी, जमलं तर पक्की. नाही जमलं तर पुन्हा आलुबुखार. निरोपाच्या दिवशी कारखान्यातल्या मुकादमबाई म्हणाल्या होत्या, "मिसोनोसान, तुमची जागा तशीच ठेवते हं." प्रेमानेच म्हणाल्या. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ट्रक चालवणं मला लवकर जमलं. अडलं ते बटणांपाशी. स्टिअरिंगच्या बाजूला एक यंत्र असतं. चाकं फिरली की ते आपणहून ‘चालवणे’ अशी नोंद करतं. गाडी थांबली की आपण काय करतोय ते बटण दाबून आपण सांगायचं: माल चढवणे, उतरवणे, प्रतीक्षा किंवा विश्रांती. यंत्रातून एक बाई बोलते, फार अदबीने. चार तास सलग चालवलं की म्हणते, "कृपया आता विश्रांती घ्यावी." अर्धा तास झाला की ती पूर्ण झाल्याचंही सांगते. एवढी चौकशी माझ्या नवऱ्याने कधी केली नाही, आणि म्हणून आता तो माझा नवरा नाही.

मला शिकवायला ओनुकीसान होते. साठी ओलांडलेले, मानेवर कायम औषधी पट्टी चिकटवलेली, आणि तिचा वास त्यांच्या आधी केबिनमध्ये शिरायचा. ऑफिसच्या भिंतीवर ओनुकीसानांची तीन प्रमाणपत्रं चौकटीत लावलेली आहेत. विश्रांतीचे नियम सर्वांत काटेकोर पाळणारा चालक म्हणून. नोंदी बघाल तर आख्ख्या तोचिगीत त्यांच्याइतका आराम केलेला माणूस सापडणार नाही. डोळ्यांखाली मात्र चहाची पिशवी सुकत घातल्यासारखी काळी वर्तुळं.

पहिल्याच फेरीला आम्ही तोक्योच्या खाडीवरच्या शीतगोदामात गोठवलेले ग्योझा, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या करंज्या, घेऊन गेलो. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला समुद्राची भिंत, आणि मधल्या एकाच पट्टीत ट्रकांची रांग. ओनुकीसान म्हणाले, "दाब, विश्रांती."

"पण आपण तर रांगेत आहोत."

"मग?"

"वर्गात शिकवलंय की विश्रांती म्हणजे कामातून पूर्ण मोकळीक. इथे पुढची गाडी हलली की हलायचं. नंबर पुकारल्यावर लगेच गेलो नाही, तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. ही तर प्रतीक्षा झाली."

"तुझ्या वर्गातल्या मास्तरांनी कधी ग्योझा उतरवलेत का गं?"

मग त्यांनी मला समजावलं. प्रतीक्षा दाबली की ते कामाचे तास धरतात. नवीन कायद्याने कामाच्या तासांना आता मर्यादा आहे. शिवाय ताटकळत ठेवल्याचा आकार कंपनीला गोदामाकडे मागावा लागतो. मागितला की गोदामाला वाईट वाटतं, आणि वाईट वाटलेलं गोदाम दुसरी कंपनी शोधतं. "एवढं सगळं त्या एका बटणात आहे बघ. विश्रांती दाबली की कुणालाच काही होत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला काय होतंय? मला प्रमाणपत्र मिळतं."

त्यांची ती विश्रांती मी शेजारी बसून पाहिली. काच बोटभर खाली, कान भोंग्याकडे, एक पाय ब्रेकवर. पुढची गाडी सरकली की हे सरकायचे, इतकं हळू की यंत्राला चाकं फिरल्याचं कळूच नये. दुपारपर्यंत त्यांनी डोळे मिटले ते फक्त शिंक आली तेव्हा.

मला एकटीला गाडी मिळाल्यावर मी तिथे ‘प्रतीक्षा’ दाबायला लागले. यात सद्गुण वगैरे काही नाही. मला खोटं लक्षात राहत नाही, म्हणून मी ते बोलत नाही. शिवाय मला राग येतो, आणि तो आला की माझं बोट सरळ पडतं.

मालकांनी बोलावलं. तोकोरो शाचो, म्हणजे आमचे मालक, माणूस वाईट नाही. वडिलांनी मागे ठेवलेली कंपनी आणि वडिलांनीच मागे ठेवलेला कोट, दोन्ही त्यांना जरा मोठे होतात, एवढंच. ते नुकतेच गोदामात जाऊन आले होते. सोबत गोड वड्यांचा खोका नेला होता, माफी मागायला.

"त्यांनी आपल्याला ताटकळत ठेवलं," मी म्हटलं, "आणि माफी आपण मागायची?"

"मग काय त्यांनी मागायची?" शाचो खरंच गोंधळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ मिसोनो, शुक्रवारी तुझे तीन महिने संपतात. तू गाडी छान चालवतेस. मला तुला ठेवायचंय. पण तिथे गेलीस की विश्रांती दाब. ही एकच गोष्ट मागतोय. नाही जमणार, तर शनिवारपासून तू मोकळी."

मी मान खाली घालून ‘हो’ म्हटलं. घरी येऊन एकटीनेच त्यांना चार शब्द सुनावले, पण ते त्यांना ऐकू गेले नाहीत.

मंगळवारी मी पुन्हा त्या रांगेत होते. माझ्या मागची गाडी ओनुकीसानांची. मी बटणाकडे बघितलं. डोळ्यांसमोर पट्टा आला, पट्ट्यावरचा भात आला. मी ‘विश्रांती’ दाबलं. आयुष्यात बऱ्याच गोष्टींची लाज वाटून झाली आहे, पण त्या बटणाइतकी कशाचीच वाटली नव्हती.

"विश्रांती सुरू झाली आहे," यंत्रातली बाई म्हणाली. "सावकाश आराम करावा."

आणि मला वाटलं, बरं तर. एवढं म्हणतेय बिचारी, तर करावा.

मी बूट काढून पायरीवर जोडीने ठेवले. काच वर केली, इंजिन बंद केलं; मागची बंद पेटी तासभर तरी थंडी धरून ठेवते. केबिनचा पडदा ओढला. चालकाने पडदा ओढला की तो झोपलाय, त्याची काच वाजवायची नाही, हे आमच्या धंद्यात लहान मूलही जाणतं. सीटमागच्या गादीवर आडवी झाले आणि पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलं.

थोड्या वेळाने माझा नंबर पुकारला गेला. पुन्हा पुकारला. मग सेगावा आला. आवारात लाल दांडी हलवत गाड्या आत घेणारा हा तरुण प्रत्येक चालकाला कमरेत वाकून "दमला असाल" म्हणतो. तशी इथे सगळेच एकमेकांना दिवसभर "दमला असाल" म्हणतात आणि नोंदीत आराम लिहितात. काच वाजवायची त्याची हिंमत झाली नाही. तो पडद्याशी बोलला.

"मिसोनोसान, दमला असाल. चार नंबरचा धक्का रिकामा झालाय."

"मी विश्रांतीवर आहे, सेगावासान."

"हो, ते माहितेय. पण नंबर आलाय ना."

"विश्रांती संपली की येते."

तो तिथेच उभा राहिला. एक ट्रक हलत नाही म्हणजे त्या पट्टीत मागचा एकही हलू शकत नाही. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. शाचो होते.

"मिसोनो! गोदामातून फोन आलाय. गाडी आत घे!"

"शाचो, हे तुम्ही काम म्हणून सांगताय का?"

"म्हणजे?"

"काम असेल तर मला बटण बदलावं लागेल. प्रतीक्षा दाबते आणि लगेच निघते. विश्रांती असेल, तर मला कुणी काही सांगू शकत नाही. दोन्हींपैकी काय ते सांगा."

"काम नाही," ते म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

"मग झोपते," मी म्हटलं. शनिवारी आपण कुठे असणार ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मी फोन उशीखाली ठेवला.

तो पुन्हा वाजला. या वेळी ओनुकीसान. "काय करतेयस तू?"

"विश्रांती."

"ती मीही करतोय. गाडी हलव. पोरी, नोकरी जाईल तुझी."

"ओनुकीसान, तुम्ही बूट काढलेत का?"

"बूट कशाला काढू?"

"विश्रांती घेताना माणूस बूट काढतो."

ते फोन ठेवायला विसरले, त्यामुळे मला पुढचं सगळं ऐकू आलं. काच वर गेली. इंजिन थांबलं. दार उघडलं, एक बूट पायरीवर पडला, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मग पडद्याच्या कड्या सरकल्या. त्यांच्यामागेही कुणीतरी इंजिन बंद केलं, मग त्याच्याही मागे. इतकी इंजिनं गप्प झाल्यावर भिंतीपलीकडचं पाणी ऐकू यायला लागलं. एवढे दिवस येत होते, तिथे समुद्र आहे हे कानाला ठाऊकच नव्हतं.

गोदामाचे प्रमुख टाय सावरत बाहेर आले. ते बोलत होते माझ्याच खिडकीखाली.

"काय चाललंय हे?"

"विश्रांती घेताहेत, साहेब," सेगावा म्हणाला.

"ती तर रोजच घेतात."

"हो साहेब. पण आज खरोखर घेताहेत."

साहेब आत गेले. धक्क्यावर फोर्कलिफ्टवाले हाताची घडी घालून उभे होते, त्यांचंही ते जरा आरामाचंच झालं.

यंत्रातल्या बाईने विश्रांती पूर्ण झाल्याचं सांगितलं, तशी मी बूट घातले, गाडी अजून रिकाम्याच असलेल्या धक्क्याला लावली आणि मागे बघितलं. ओनुकीसानांची गाडी जागची हलली नव्हती. त्यांच्या वयाची माणसं अशी पडद्याआड गेलेली ऐकली होती. धावत गेले. पायरीवर त्यांचे बूट होते, एक उलटा पडलेला. आतून घोरणं ऐकू येत होतं, जाड दोर ओढल्यासारखं. मी तिथेच पायरीला धरून उभी राहिले आणि डोळे पुसले.

सेगावा दबक्या आवाजात म्हणाला, "उठवू का?"

"तुम्ही उठवलंत तर ते काम होईल."

त्याने दांडी खाली केली. मग इकडेतिकडे बघून तो उलटा बूटही त्याने हळूच सरळ केला.

सकाळी निघताना असते तशीच संध्याकाळी परतल्यावरही हजेरी असते. शाचो स्वतः टेबलामागे बसतात. नळीत फुंकर मारून दारू प्यालो नाही हे दाखवायचं, मग ते तेच ते प्रश्न विचारतात आणि आपण तीच ती उत्तरं देतो. आज टेबलावर वड्यांचा नवा खोका होता, दोरी बांधून तयार.

"मिसोनो," शाचो माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणतं बटण दाबलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"ते दिसतंय मला." त्यांनी खोक्याची दोरी उगाच घट्ट केली. "बाजूला थांब. तुझ्याशी नंतर बोलतो. ओनुकीसान, या. फुंका. तब्येत?"

"ठीक."

"थकवा?"

या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच असतं. शाचोंनी ते लिहायला सुरुवातही केली होती.

"आज नाही," ओनुकीसान म्हणाले. "रोज असतो."

शाचोंचं पेन थांबलं. मागे उभी असलेली माणसं पुढे सरकली. "रोज?"

"रोज. शिंगोमातीच्या वळणावर एकदोनदा पापणी लागलीये माझी. हल्लीच. आज येताना मी ते वळण नीट बघितलं. तिथे एक पर्सिमनचं झाड आहे. केशरी फळांनी लगडलंय नुसतं. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं."

"अहो, मग सांगितलं का नाही कधी?"

"तुम्ही विचारता तेव्हा मागे रांग असते, शाचो."

शाचोंनी भिंतीवरच्या तीन चौकटींकडे बघितलं, मग ओनुकीसानांच्या डोळ्यांखाली. पेन टेबलावर ठेवलं. कोटाच्या बाह्या मागे सारल्या, पण त्या पुन्हा खाली आल्या.

"मिसोनो," ते म्हणाले. "उद्यापासून तिथे प्रतीक्षा दाब. सगळ्यांनीच दाबा."

"आणि त्यांचा फोन आला तर?"

"मी घेईन. मलाही कधीतरी काम करायला हवं."

"आणि माझं शुक्रवारचं?"

त्यांनी खोका उचलला, खोलीत कुणाला द्यावा ते ठरेना म्हणून शेवटी माझ्याच हातात दिला. "सोमवारी वेळेवर ये," ते म्हणाले. "आणि हे मला आवडलेलं नाही, तेही लक्षात ठेव."

मी वड्या सगळ्यांना वाटल्या. मुकादमबाईंना रात्री फोन करून सांगितलं की जागा भरून टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला ओनुकीसान माझ्या पुढे होते. त्यांनी फुंकर मारली, तब्येत ठीक म्हणाले.

"थकवा?" शाचोंनी विचारलं. या वेळी पेन हातात नव्हतं.

ओनुकीसान विचार करायला लागले. त्या प्रश्नावर विचार करताना त्यांना कुणीच कधी पाहिलं नव्हतं. मान एकदा इकडे वळवून बघितली, एकदा तिकडे. मानेवरची पट्टी चाचपली.

"थोडासा आहे," ते म्हणाले.

शाचो उठले. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली आणि स्वतः चहा ओतायला गेले. गाड्या निघायला उशीर होणार होता. मी मागे रांगेत उभी होते, आणि मला काही घाई नव्हती.