काशम्माने धरलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. फोटो काढताना माणसांच्या पाठीमागे टांगतात, तो. मी मूळचा सोलापूरच्या गिरणीतला जाडाभरडा मांजरपाट. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या विरुपाक्ष पेंटरने माझ्यावर तळं, दोन राजहंस आणि एक ऐटदार जिना रंगवला, आणि नवी पेठेतल्या करीमभाई फोटोग्राफरने मला विकत घेतलं.

तान्ह्या बाळाला पेठेतल्या गर्दीत नेऊ नये, दृष्ट लागते, अशी तेव्हा समजूत होती. म्हणून करीमभाई मला गुंडाळून सायकलला बांधत आणि लोकांच्या घरी जात. बायका माझं कौतुक करत, पण फोटो झाला की सगळे बाळाभोवती गोळा होत. मी मागे एकटाच लोंबकळत राही.

१९७४ साली आम्ही काशम्माकडे गेलो. ती मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. नवरा वारून सहा वर्षं झाली होती. एकुलती एक लेक महानंदा पहिल्या बाळंतपणाला आली होती, तिला मुलगी झाली होती. जावई सिद्धाराम आणि विहीण चंद्रव्वा जेऊरहून त्यांना न्यायला येणार होते. जाण्याआधी सगळ्यांचा एक फोटो काढायचा, हे काशम्मानेच ठरवलं होतं.

"तुमी गेल्यावर मला बघायला कायतरी पायजे की," ती लेकीला म्हणाली.

माझ्या सुरकुत्या जाव्यात म्हणून करीमभाईंनी मला आदल्या दिवशीच तिच्या ओसरीत भिंतीपासून खांबापर्यंत आडवं टांगून ठेवलं. त्यामुळे सगळी तयारी मी पाहिली. काशम्माने अंगण सारवलं. शेजारून खुर्ची मागून आणली. स्वतःच्या लग्नातल्या इरकल साडीचा काठ कापून बाळाला कुंची शिवली. सकाळी बाळाला तेल चोळून न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली, गालावर तीट लावली.

"अव्वा, तू कुठली साडी नेसणार?" महानंदाने विचारलं.

"बघू की," काशम्मा हसून म्हणाली. मग ट्रंकेतून एक निळी साडी काढून तिने खुंटीवर ठेवली.

दहाच्या सुमाराला जेऊरची मंडळी आणि करीमभाई आले, ओसरीत छान ऊनही आलं. चंद्रव्वा खुर्चीवर बसल्या, महानंदा बाळाला घेऊन शेजारी, सिद्धाराम मागे उभा. काशम्मा निळी साडी नेसून दारात आली आणि तिथेच थांबली.

"अव्वा, ये की," महानंदा म्हणाली.

काशम्माने विहिणीकडे पाहिलं. चंद्रव्वा बाळाची कुंची नीट करत राहिल्या. 'या' एवढं एक अक्षर पुरलं असतं, पण ते काही आलं नाही. सिद्धारामही जमिनीकडे बघत राहिला.

"बाळाच्या पहिल्या फोटोत माझ्यासारखी नवरा गेलेली कशाला, बाई? तुमी बसा," काशम्मा म्हणाली.

तेवढ्यात वारं आलं. माझ्या डाव्या टोकाचा खिळा मातीच्या भिंतीतून निसटला आणि मी अर्धा खाली आलो.

"मी धरते की," म्हणत काशम्मा माझ्यामागे गेली. हात उंच करून तिने माझं टोक पकडलं. सुतानं कापलेली तिची बोटं मला खरखरीत लागली. पुढे करीमभाई बाळाला हसवायला खुळखुळा वाजवत होते, मागे काशम्मा आवाज न करता रडत होती. हे फक्त मला कळत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

फोटो धुतल्यावर करीमभाईंना दिसलं, माझ्या कडेला चार बोटं आली होती. मला सायकलला बांधूनच ते काशम्माकडे गेले. "अम्मा, ही बोटं कापून देऊ का?"

तिने बराच वेळ फोटो पाहिला. "राहू द्या. कुणाला काय करायची हायत," ती म्हणाली.

दोन वर्षांनी महानंदा दुकानात आली. काशम्मा तापाने गेली होती.

"करीमभाई, अव्वाचा एकबी फोटो न्हाय माझ्याकडं. त्या फोटोत जेवढी हाय, तेवढी मोठी करून द्या."

करीमभाईंनी मान खाली घातली. "बेटी, त्या दिवशी मीच बोलवायला पायजे होतं. कॅमेरा तर माझ्याच हातात होता."

त्यांनी ती चार बोटं मोठी करून दिली. सुताचे काप नीट दिसत होते. महानंदाने तो कागद पदरात धरला आणि ती स्टेशनकडे निघाली.

पुढे रंगीत फोटो आले, नवे पडदे आले. मी माळ्यावर पडून आहे. माझे राजहंस कसरीने खाल्ले. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण मित्रांनो, घरात फोटो काढायचा असेल, तर बटण दाबण्याआधी एकदा माणसं मोजा. एक जरी कमी भरलं, तर पडद्यामागे जा आणि हाताला धरून पुढे आणा. पडदा काय, खाली पडला तरी चालतो.