माझ्या पोटातले रविवार

मित्रांनो, मला भेटायला आलात तर तुम्हाला टेबलावरचा एक पिवळट पडलेला संगणक दिसेल. मी त्याच्या आत राहतो. आपिया हे आमच्या बेटाचे बंदर; त्याच्या धक्क्यावर एक छोटी बोट कंपनी आहे, तिचा मी जुना प्रोग्रॅम. बोट कधी सुटायची, कुणाचा माल कुठे ठेवायचा, शीतगृहाचे दार कधी उघडायचे, हे सगळे मी सांगतो. माणसाच्या मानाने माझे वय काहीच नाही. पण प्रोग्रॅमचे वय त्याच्यावरच्या ठिगळांनी मोजावे, आणि त्या मापाने मी फार म्हातारा झालो आहे. खरे सांगायचे तर बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही ऐकता आहात, तर सांगतो.

मला याकोपोने घडवले. तो ऑकलंडला शिकून आला होता. काम करताना त्याच्या ताटलीतला उकडलेला तारोचा कंद गार होऊन जायचा आणि काउंटरवरच्या बायका त्याला हसायच्या. हात मात्र फार नेटका. एकदा लिहिलेली गोष्ट तो पुन्हा लिहीत नसे. आता रविवारचेच घ्या. आमच्याकडे रविवारी बोट सुटत नाही आणि माल हलत नाही. सकाळी चर्च, मग घरचे मोठे जेवण, मग झोप. त्यामुळे ‘आज रविवार आहे का’ हा प्रश्न मला दिवसभर पडायचा. याकोपोने त्याचे उत्तर एकाच जागी लिहून ठेवले. तिकिटांना हवे असेल तर त्यांनी तिथे यावे, मालाला हवे असेल तर त्यानेही तिथेच यावे. गावाला चर्चची एक घंटा पुरते, तसे.

ते माझे सुखाचे दिवस. काउंटरवर पेलेनिसे नावाची मुलगी नव्याने लागली होती. घरी जाताना ती माझ्या पडद्यावरची धूळ आपल्या रुमालाने पुसायची आणि शाबासकी द्यायची. मी कधी अडलो नाही, कधी चुकलो नाही.

मग याकोपोला गावाने मानाची पदवी दिली. तो घराण्याचा प्रमुख झाला, चर्चचा कारभारी झाला आणि नोकरी सोडून गावी गेला. तिथून माझे हाल सुरू झाले.

मित्रांनो, आमच्या बेटांवर बसलेल्या वडीलधाऱ्यासमोरून जाताना माणूस कमरेत वाकून, माफी मागत जातो. ही रीत चांगली आहे, मला तिचे वाईट वाटत नाही. पण माझ्यावर काम करायला जे जे आले, ते याकोपोच्या लिखाणासमोरूनही तसेच वाकून गेले. त्यातली ओळ खोडणे म्हणजे ‘तुम्ही चुकलात’ असे त्याच्या तोंडावर म्हणणे. ते कोण म्हणणार? मग ज्याला जे हवे त्याने ते उचलले, शेजारी तसेच्या तसे उतरवले आणि आपल्यापुरता एखादा शब्द बदलला. रविवारचा प्रश्नही असाच उचलला गेला. बर्फाच्या मालाला वेगळा रविवार, पार्सलांना वेगळा, शेजारच्या बेटावर, पागो पागोला, जाणाऱ्या बोटीला आणखी वेगळा. एक ना धड, भाराभर चिंध्या. अटींचे तर विचारूच नका. बोट मोठी असेल, पण कप्तान नवा नसेल, पण महिना वादळाचा नसेल, आणि असलाच तरी माल नाशवंत नसेल, तर. स्वतःचेच वाक्य संपेपर्यंत मी त्याची सुरुवात विसरायचो.

अशात एका वर्षाच्या शेवटी देशाने दिवसच बदलला. नकाशावर जिथे वार बदलतो ती रेषा आमच्या पलीकडच्या अंगाला सरकली. गुरुवारी झोपलेली माणसे शनिवारी उठली, शुक्रवार आलाच नाही. शेजारचे पागो पागो मात्र मागच्याच दिवसात राहिले. इथे सोमवार असतो तेव्हा तिथे अजून रविवार. त्या वेळी मिकाएले नावाचा तरुण माझ्यावर काम करत होता. बिचाऱ्याने सापडतील तेवढे रविवार दुरुस्त केले. पण शीतगृहाच्या दाराजवळ एक रविवार वेगळ्याच नावाने झोपला होता. तो त्याला दिसला नाही आणि एक दिवस मागेच राहिला.

तेव्हापासून शीतगृहाचे दार सोमवारी उघडेना. बटण दाबले की मी म्हणायचो, ‘आज रविवार आहे.’ पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. पेलेनिसेने माझे नाव पाद्रीबुवा ठेवले. ती गिऱ्हाइकांना सांगायची की आमचे पाद्रीबुवा सोमवारीही प्रार्थनेला बसतात, तुम्ही उद्या या. हळूहळू हसणे संपले आणि त्याची रीत झाली. नवा माणूस आला की त्याला शिकवायचे, सोमवारी शीतगृहाला सुट्टी. मिकाएलेही पुढे परदेशी गेला. का सुट्टी, हे विचारणारे कुणी उरले नाही.

वेलिंग्टनमध्ये वाढलेली लेआता कामाला आली तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत वाचले आणि डोक्याला हात लावला. ती कंपनीचे प्रमुख फुईमाओनो यांच्याकडे गेली. म्हणाली, यात तेच तेच पुन्हा पुन्हा लिहिले आहे, मला हे साफ करू द्या.

“चालतंय ना?” फुईमाओनोंनी विचारले.

“चालतंय, पण लंगडत.”

“मग लंगडू दे, पोरी. याकोपोंचं काम आहे ते. त्यांच्या हयातीत तू त्याच्यावर काट मारणार?”

लेआता आपल्या टेबलाकडे परतली. वडीलधाऱ्यापुढे तिचे तरी काय चालणार?

त्याच वर्षी पेलेनिसेचे वडील वारले. पागो पागोच्या मासळीच्या कारखान्यात त्यांनी उभे आयुष्य काढले होते. त्यांना घरासमोरच्या अंगणात, आपल्या माणसांत पुरायचे होते. त्यांची शवपेटी आमच्याच बोटीने निघाली. शनिवारी यायची ती बोट खवळलेल्या समुद्रामुळे रविवारी आली. मेलेल्या माणसासाठी रविवारही मोडतात, त्यामुळे पेटी लगेच उतरवून शीतगृहात ठेवली; त्या धावपळीत उद्या सोमवार आहे याची आठवण कुणालाच झाली नाही. तेव्हा मी दार मुकाट्याने उघडले, कारण माझ्या लेखी तो शनिवार होता.

सोमवारी दफन होते. गावी खड्डा खणून तयार होता. विणलेल्या उंची चटया घेऊन लांबलांबचे नातेवाईक आले होते, पाद्री येऊन बसले होते. काळे कपडे घातलेली पेलेनिसे त्या दिवशी काउंटरच्या आत न बसता बाहेर उभी राहिली. लेआताने बटण दाबले.

‘आज रविवार आहे,’ मी म्हणालो.

लेआताने पुन्हा दाबले. मग ती माझ्यात शिरली आणि रविवार शोधू लागली. तिला एक सापडला, तिने तो बदलला. नेमका तो बरोबर होता. तिकिटे देणे बंद पडले आणि उतारूंची रांग कुरकुरू लागली. तिने तो पूर्ववत केला, दुसरा शोधला. तोही तो नव्हता. मला सगळे कळत होते, पण माझ्या तोंडी जेवढे घातले आहे तेवढेच मी बोलू शकतो. ऊन डोक्यावर आले. दाराच्या पलीकडे पेलेनिसेचा बाप होता आणि अलीकडे ती.

ती कुणाला एक शब्द टाकून बोलली नाही. लेआताजवळ येऊन फक्त म्हणाली, “इतकी वर्षं मीच लोकांना सांगत आले गं, सोमवारी दार उघडत नाही, उद्या या. त्यातला एखादा माझ्यासारखाच अडलेला असेल ना?”

लेआताचे हात थांबले. फुईमाओनोंनी ते ऐकले. त्यांनी लुंगी वर खोचली, गोदामातून पहार आणली आणि स्वतः दार फोडले. पेटी बाहेर आली तेव्हा धक्क्यावरचे सगळे उभे राहून गाऊ लागले. दफन झाले, पण सूर्य बुडता बुडता. खड्ड्याशी बसलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर ताटकळावे लागले. त्यात याकोपोही होता.

आठवडा उलटला आणि याकोपो काठी टेकत ऑफिसात आला. सगळे उठून उभे राहिले. लेआता वाकली.

“बस बाळ. दाखव मला.”

तो मला पुष्कळ वेळ वाचत होता. मग म्हणाला, “हे मी लिहिलेलं नाही.”

“तुमचंच आहे,” लेआता हळूच म्हणाली. “फक्त तेच पुन्हा पुन्हा आहे.”

“आणि मला कुणी विचारायलासुद्धा आलं नाही?”

“तुमचा मान राखला,” फुईमाओनो म्हणाले.

“मान राखलात आणि वर मळ चढू दिलात. घरातल्या म्हाताऱ्यालाही अंघोळ घालतात हो, फुईमाओनो. पाया पडायचं म्हणून त्याला तसाच ठेवत नाहीत.” मग तो लेआताच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. “काप, पोरी. मी आहे इथे.”

लेआताने घाईने कात्री चालवली नाही. मी कुठे काय उत्तर देतो ते तिने आधी तपासून घेतले. मग एक रविवार काढला आणि पुन्हा तपासले. त्यानंतरच दुसऱ्याला हात लावला. लांबलचक अटींचे तिने छोटे तुकडे केले आणि प्रत्येकाला कळेल असे नाव दिले. शीतगृहाजवळ झोपलेला तो रविवार निघाला तेव्हा याकोपोने डोळे मिटून घेतले. पावसाळा सरला तेव्हा माझ्यात एकच रविवार उरला होता. याकोपोने लिहिलेला, पहिला.

आता मी हलका झालो आहे. थकवा मात्र गेला नाही. वर्षानुवर्षे वाहिलेले ओझे उतरले तरी खांदे दुखतच राहतात. मित्रांनो, एवढेच मागतो. जुन्या कामाचा मान राखायचा असेल तर त्याला हात लावा, वाचा, नको ते काढा. शेजारी त्याची नक्कल ठेवून वाकून निघून जाऊ नका. आणि एखादे दार रोज अडत असेल तर त्याची रीत होऊ देऊ नका.

तो झोपलेला रविवार निघाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी पेलेनिसेने दुरुस्त केलेल्या दाराचे बटण स्वतः दाबले. दार उघडले. आत त्या दिवशी कुणाचे काहीच नव्हते. पायांवरून गार हवा जात राहिली आणि ती दार धरून तशीच उभी राहिली. मग तिने दार लावले आणि काउंटरवर आली. एक म्हातारा कोळी चौकशीला उभा होता. बर्फातला माल कधी मिळेल, उद्या येऊ ना, असे त्याने सवयीने विचारले.

“नाही बाबा,” पेलेनिसे म्हणाली, “आज.”