मावशीचं स्नान

पुण्याचं वर्तमानपत्र टपालाने डमडमला पोचायला चार दिवस लागत. त्यात अंबूताई शिरोळकर वारल्याची बातमी कालिंदीने उभ्या उभ्याच वाचली आणि घरचं माणूस गेल्यावर घेतात तसं भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं.

अंबूताई गायिका. त्यांना कालिंदी कोण हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पण नवऱ्याची बदली इथे झाल्यापासून, काम न सांगता तिच्याशी मराठीत बोललेला आवाज तो एकच, ग्रामोफोनवरचा. शेजारणींचं बंगाली तिला कळत नव्हतं आणि सुनेने एकटीने खाली उतरायची या घरात पद्धत नव्हती.

ओले केस पाहून सासूबाईंनी विचारलं, "अवेळी न्हालीस? कोण गेलं?"

गाणारी बाई गेली म्हणून न्हाले, असं सांगायची सोय नव्हती.

"मावशी," कालिंदी म्हणाली.

सासूबाई कधी नव्हे त्या विरघळल्या. पाठीवरून हात फिरवला, चहासुद्धा स्वतः टाकला. मग ग्रामोफोन तबकड्यांसकट कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"वर्षभर आता घरात गाणं नको हो," त्या मायेने म्हणाल्या. "तुझं माणूस गेलंय."