दहाव्याला बोलावणं नसतं

नीमा टांझानियाहून वर्षभरासाठी नाशिकच्या कॉलेजात शिकायला आली होती, आणि सहा महिन्यांत या शहरानं तिला दुपारचं एकदाही धड जेवू दिलं नव्हतं. कॅन्टीनची थाळी परवडत नसे. वडापावावर भागवलं की तीनच्या सुमाराला प्रयोगशाळेत डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि प्रॅक्टिकल पाचपर्यंत. नाशिक रोडच्या एका मेसवालीनं तिला उंबऱ्यातूनच परतवलं, "आमच्याकडं चांगल्या घरच्या पोरी जेवतात." दुसरीनं सगळ्यांच्या दुप्पट दर सांगितला आणि वर दात काढले.

एकदा वर्गातला हिरामण, सायखेड्याचा, सकाळीच दप्तर आवरून निघाला.

"चुलत्याचा दहावा हाय. इथंच गोदाघाटावर विधी, मग जवळच्या हॉलात जेवण."

"मी येऊ? मला बोलावलं नाही."

"दहाव्याला बोलावणं नसतं. ज्याला यायचं तो येतो."

हे ओळखीपाळखीच्यांसाठी असतं, ते त्यानं सांगितलं नाही. आपल्याकडे ते कुणाला सांगावं लागत नाही. कामापुरतं मराठी शिकलेल्या नीमानं मात्र ऐकलं ते जसंच्या तसं खरं धरलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. गोदाघाटाजवळच्या हॉलांमध्ये रोज कुणाचा ना कुणाचा दहावा असतो, हेही तिच्या ध्यानात आलं.

पुढच्या सोमवारपासून ती एकटीच जाऊ लागली. हार घातलेल्या फोटोला हात जोडायचे, पंगतीच्या टोकाला बसायचं, पानात काही टाकायचं नाही. लोक टकामका बघत, पण मयताच्या घरी तमाशा नको म्हणून गप्प बसत.

गुरुवारी पंगत अर्धी रिकामी होती. लपायला जागाच नव्हती. तिनं वरणभात कालवला तोच एक माणूस तिच्यापुढं येऊन उभा राहिला. तो मयताचा धाकटा भाऊ, खंडेराव.

"ए, ऊठ! कोणाकडून आलीस गं तू?"

"दहाव्याला बोलावणं नसतं," नीमा म्हणाली.

"आयला, पढवून पाठवलंय का हिला कुणी? फुकटचं गिळायचं अन् वर तोंड करून बोलायचं! त्या फोटोतल्या माणसाचं नाव सांग. सांग ना!"

नीमाला नाव माहीत नव्हतं. चार दिवस ती चार फोटोंना हात जोडत होती आणि एकाचंही नाव तिनं विचारलं नव्हतं. खंडेरावानं वाकून तिचं ताट ओढलं.

"ताट सोडा, भावजी."

भिंतीला टेकून बसलेली मयताची बायको, लंकाबाई, उठली होती.

"खरं बोलली ती. दहाव्याला बोलावणं नसतं. दवाखान्यालाबी नसतं. तीन महिने तुमचा भाऊ नाशकातच पडून होता. तुम्ही कुठं होता?"

"वहिनी, चारचौघांत..."

"चारचौघं हायेत कुठं? वाटणीच्या भांडणापायी सगळी भावकी तर तुम्हीच यायची अडवली!"

खंडेराव ताट तसंच टाकून पाय आपटत बाहेर गेला. त्याच्या मागून तिघं अर्ध्या ताटावरून उठले.

लंकाबाईनं ते ताट नीमापुढं सरकवलं. या बाईला आपली दया आली, असं वाटून नीमानं वर पाहिलं. दया कुठली? दिराला हाणायला काठी हवी होती, ती आयती हाती लागली होती. आता लंकाबाई त्या काठीवरच, नीमावर, उलटली.

"लाज नाय वाटत? ज्याच्या नावानं जेवती, त्याचं नाव तरी विचारावं माणसानं."

"काय नाव त्यांचं?" नीमानं कसंबसं विचारलं.

लंकाबाई थबकली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. कुणी विचारलं तर ती घरातल्या कुणाकडं तरी बोट करायची. आज हॉलात सांगायला जवळचं कुणी उरलं नव्हतं.

"यादव," ती या परक्या पोरीवर खेकसली. "यादव नाव व्हतं त्यांचं. आता गिळ, अन् पुन्हा इथं दिसू नको."